जोडणीच्या खेळातून विज्ञान

विज्ञान हा विषय ऐकून शिकण्याचा की हाताने करून शिकण्याचा, हा प्रश्न शिक्षणक्षेत्रात नवा नाही. त्याच्या उत्तराबद्दलही फारसा मतभेद नाही. मुलांनी प्रयोग करावेत, वस्तू हाताळाव्यात, असे अभ्यासक्रमात नमूद केलेले असते आणि प्रशिक्षणवर्गात आवर्जून सांगितलेही जाते. असे असूनही विज्ञान साहित्याची पेटी कपाटात आणि कपाटास कुलूप, हे दृश्य अनेक ठिकाणी आढळते. त्याबद्दल शिक्षकास दोष देणे सोपे असले तरी न्याय्य ठरणार नाही. पेटीतील काचेचे पात्र फुटले किंवा भिंग हरवले, तर डेडस्टॉक रजिस्टरापुढे उत्तर त्यालाच द्यावे लागते. मूल मात्र वस्तू उघडून, सोडवून, प्रसंगी मोडूनच शिकते. तेव्हा महाग साहित्य आणि जिज्ञासू मूल यांची गाठ पडू न देणे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

या सुरक्षिततेची किंमत विद्यार्थी मोजतो. बलाची व्याख्या तो बिनचूक सांगतो. परंतु शाळेच्या लाकडी फाटकावर एक पट्टी तिरपी का ठोकली आहे, असे विचारल्यास गप्प राहतो. पुस्तकातील बल आणि फाटकावरील पट्टी यांचा काही संबंध असेल, हे त्याच्या मनातच येत नाही. हा संबंध जुळवून देणारे, अत्यल्प खर्चाचे आणि मोडले तरी कोणाचे काही न बिघडणारे साधन म्हणजे जोडणीची खेळणी. त्यांचा इतिहास, त्यांतून शिकविता येणारे विज्ञान आणि गावच्या शाळेत त्यांचा करावयाचा उपयोग यांचा येथे विचार केला आहे.

वाटाण्यांपासून विटांपर्यंत

चावी दिली की धावणारी मोटार मुलास क्षणभर रिझविते. पण त्या खेळात मूल केवळ प्रेक्षक असते. जोडणीच्या खेळण्यात थोड्या प्रकारचे पुष्कळ भाग असतात. ते अनेक रीतींनी जोडता येतात, सोडविता येतात आणि पुन्हा वापरता येतात. काय करावयाचे हे मूल ठरविते आणि जे केले ते टिकले की कोसळले, हे ती वस्तूच त्याला सांगते.

अशा खेळण्यांस शिक्षणात मानाचे स्थान प्रथम मिळवून दिले ते जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी. त्यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. चेंडू, दंडगोल, घन, घनाचे लहान ठोकळे अशी साधने त्यांनी क्रमाने योजिली होती. त्यांच्या हस्तव्यवसायांत एक विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. भिजवून मऊ केलेले वाटाणे आणि बारीक काड्या घेऊन मुलांनी आकृती उभारावयाच्या. वाटाणा हा सांधा आणि काडी ही बाजू.

या साध्या खेळाचे फळ पुढे अमेरिकेत दिसून आले. बकमिन्स्टर फुलर या रचनाकाराने आपल्या बालपणीची एक हकीकत सांगितली आहे. त्यांची दृष्टी जन्मतः अतिशय अधू होती आणि चष्मा अद्याप मिळालेला नव्हता. बालवर्गात वाटाणे आणि काड्या हाती आल्यावर इतर मुलांनी पाहिलेल्या घरांसारखे चौकोन रचले. फुलर यांना घरे नीट दिसतच नव्हती. त्यांनी हाताने चाचपून जो आकार डळमळत नाही तो निवडला आणि तो त्रिकोण होता. त्रिकोणांनी विणलेला हलका परंतु भक्कम घुमट हे त्यांचे कार्य पुढे जगभर मान्यता पावले. १९६७ च्या माँट्रियल येथील जागतिक प्रदर्शनातील अमेरिकेचा भव्य घुमट त्यांच्याच कल्पनेचा होता.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये छिद्रे असलेल्या धातूच्या पट्ट्या, नट आणि बोल्ट यांच्या संचाचे पेटंट घेतले. पट्ट्यांवरील छिद्रे अर्ध्या इंचाच्या समान अंतरावर असल्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीस जोडता येई. १९०७ पासून हा संच ‘मेकॅनो’ या नावाने प्रसिद्ध झाला. तो केवळ मुलांचे खेळणे राहिला नाही. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी कठीण गणिती समीकरणे सोडविणारे यंत्र मुख्यत्वे मेकॅनोच्या भागांतून उभारले.

डेन्मार्कमधील बिलुंड गावी एका सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळण्यांचा उद्योग सुरू केला. त्याच उद्योगाने १९५८ मध्ये एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांचे पेटंट घेतले. या ‘लेगो’ विटा आज जगभर परिचित आहेत. एकाच रंगाच्या, आठ उंचवट्यांच्या केवळ सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजले आहे. थोड्या भागांतून किती विविधता निर्माण होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

किमतीचा प्रश्न आणि कोसबाडचे उत्तर

ही खेळणी उत्तम असली तरी सामान्य शाळेस परवडणारी नव्हती. एखादा संच आणला तरी चाळीस मुलांत तो एक, आणि शेवटी तोही कपाटातच. परदेशी शैक्षणिक साधनांच्या किमतीचा हा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखला गेला होता. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसोरी पद्धतीचे कार्य केले. मात्र १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिताना त्यांनी साधने गावातच शोधली. शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या यांतून मोजणे, तुलना करणे, क्रम लावणे हे सारे शिकविता येते, हे त्यांनी दाखवून दिले. हे कार्य १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे दीर्घकाळ चालविले. साधन परिसरातील असेल तर ते मुलास परके वाटत नाही आणि हरवले तरी पुन्हा मिळते, हा कोसबाडचा धडा बालवाडीपुरता मर्यादित नाही.

ग्रामीण मुलांस तर जोडणीचा खेळ शिकवावाही लागत नाही. ज्वारीच्या धाटांचा मऊ गाभा आणि कडक साल घेऊन, सालीची टोके गाभ्यात खोचून, बैलगाडी करणारी मुले ज्वारीच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गाभा हा सांधा आणि साल ही बाजू. फ्रोबेलच्या वाटाण्यांचीच ही शिवारातील आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. उणीव एवढीच की, या खेळास शाळेच्या दाराच्या आत प्रवेश मिळाला नाही.

होशंगाबादचा प्रयोग

हा प्रवेश देण्याचा एक मोठा प्रयत्न शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. तेव्हाच्या होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांतून विज्ञान शिक्षणाचा एक अभिनव कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्था त्यामागे होत्या. सहावी ते आठवीच्या मुलांनी स्वतः प्रयोग करावेत, निरीक्षणे नोंदवावीत आणि निष्कर्ष काढावेत, अशी त्याची रचना होती. परीक्षेतही पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती आणि प्रयोगास गुण होते. १९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला. १९८२ पासून ‘एकलव्य’ या संस्थेने त्याची धुरा वाहिली. २००२ मध्ये तो बंद करण्यात आला. परंतु त्यातून निघालेल्या अनेक कल्पना देशभर पसरल्या.

त्यांपैकी एका कल्पनेचा पुण्याशी संबंध आहे. कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचे पदवीधर श्री. अरविंद गुप्ता हे त्या वेळी पुण्यातील टेल्को कारखान्यात अभियंता होते. १९७८ मध्ये एक वर्षाची रजा घेऊन ते होशंगाबादच्या कार्यक्रमात गेले. तेथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये वापरण्यात येणारी बारीक रबरी नळी आणि काडेपेटीतील काड्या या दोन वस्तूंतून मेकॅनोसारखा जोडणीचा संच तयार केला. पुढे त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी रचली. २००३ ते २०१४ या काळात ते पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात कार्यरत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. काड्या आणि नळ्यांचा हा संच प्रत्येक शाळेस सहज करता येण्याजोगा असल्याने त्याचा तपशील पुढे दिला आहे.

साहित्य आणि सांधे

साहित्य म्हणून लाकडी काड्यांची काडेपेटी, सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब, एक ब्लेड आणि बाभळीचा काटा किंवा जाड सुई एवढे पुरते. मेणाच्या काड्या वाकतात, म्हणून त्या घेऊ नयेत. काड्यांची गुले शिक्षकाने स्वतः काढावीत आणि ती पाण्यात टाकून नष्ट करावीत. ब्लेडने नळी कापण्याचे कामही शिक्षकानेच करावे. काड्यांऐवजी दात कोरण्याच्या काड्या टोके मोडून, किंवा खराट्याचे हीर समान लांबीत कापून वापरता येतात. व्हॉल्व्ह ट्यूब न मिळाल्यास रात्रभर भिजविलेले वाटाणे वा हरभरे सांध्याचे काम करतात.

नळीचे सुमारे दीड ते दोन सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी खोचली की दोन काड्यांचा सांधा तयार होतो. नळीच्या मध्यावर काट्याने भोक पाडून त्यात तिसरी काडी बसविली की तीन काड्यांचा सांधा होतो. एका तुकड्याच्या मध्यातील भोकातून दुसरा तुकडा ओवून घेतला म्हणजे चार टोके मिळतात आणि चार काड्यांचा सांधा होतो. याच रीतीने तिसरा तुकडा ओवल्यास सहा टोके मिळतात. रबर लवचीक असल्याने काड्या कोणत्याही कोनात वळतात. हा लवचीकपणा दोष वाटण्याचा संभव आहे. परंतु पुढील पाठाचा सारा आधार त्यावरच आहे.

पहिला पाठ : त्रिकोण आणि चौकोन

प्रत्येक मुलाने दोन काड्यांचे सांधे वापरून एक त्रिकोण आणि एक चौकोन करावा. नंतर दोन्ही आकृती हातात धरून हळूच दाबावयाच्या. चौकोन तिरपा होतो, पतंगासारखा होतो, शेवटी चपटा होतो. त्रिकोण मात्र आकार बदलत नाही. तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की त्रिकोणाचे कोन आपोआप ठरतात. चौकोनाच्या चार बाजू ठरल्या तरी कोन मोकळेच राहतात. भूमितीच्या पुस्तकात हे वाक्य वाचणे आणि बोटांना त्याची जाणीव होणे, यांत फार अंतर आहे.

यानंतर शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा : हा चौकोन डोलणार नाही असे करण्यास आणखी किती काड्या लागतील? मुले करून पाहतात आणि एका तिरप्या काडीने, म्हणजे कर्णाने, चौकोन घट्ट होतो असे त्यांना आढळते. फाटकावरील तिरप्या पट्टीचे कोडे येथे सुटते. मग पंचकोन घ्यावा. त्यास दोन काड्या जास्त लागतात. षट्कोनास तीन लागतात. मुलांनी सांधे आणि काड्या यांची नोंद एका तक्त्यात केली की तीन सांध्यांस ३, चार सांध्यांस ५, पाच सांध्यांस ७, सहा सांध्यांस ९ काड्या असा क्रम समोर येतो. सांध्यांची दुप्पट करून त्यातून तीन वजा करावेत, हा नियम सातवी-आठवीचा विद्यार्थी स्वतः शोधून काढू शकतो. कोणत्याही पुस्तकातून न घेता, आपल्याच नोंदींतून नियम काढल्याचा आनंद त्याला येथे लाभतो. मात्र काड्या योग्य ठिकाणी बसविलेल्या असाव्या लागतात. आकृतीच्या एका भागात जास्त काड्या घालून दुसरा भाग मोकळा ठेवल्यास नुसती संख्या उपयोगी पडत नाही, हेही मुलांस करून पाहू द्यावे.

दुसरा पाठ : सपाट आकृतीतून घनाकृतीकडे

दुसऱ्या दिवशी तीन काड्यांचे सांधे घ्यावेत. चार सांधे आणि सहा काड्या यांतून चतुष्फलक तयार होतो. त्याच्या सर्व बाजू त्रिकोणी असल्याने तो दाबला तरी ढळत नाही. आठ सांधे आणि बारा काड्यांचा घन मात्र टेबलावर ठेवताच एका अंगास कलतो. ज्या घनाचे चित्र मुलांनी पुस्तकात नेहमी ताठ उभे पाहिले, तो हातात येताच लोळण घेतो, हे पाहून वर्गात हशा पिकतो आणि तेथूनच विचारास प्रारंभ होतो.

सहा बाजूंच्या घनास प्रत्येक बाजूवर एक याप्रमाणे सहा तिरप्या काड्या लावल्या की तो घट्ट होतो. बारा अधिक सहा मिळून अठरा काड्या झाल्या. घनाकृतींसाठी नियम असा की, सांध्यांची तिप्पट करून त्यातून सहा वजा करावेत. चतुष्फलकाच्या चार सांध्यांस ६, घनाच्या आठ सांध्यांस १८, अष्टफलकाच्या सहा सांध्यांस १२ आणि विंशतिफलकाच्या बारा सांध्यांस ३० काड्या. हा नियम सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये सांगाड्यांच्या ताठपणाविषयीच्या लेखनात मांडला होता. अठरा काड्यांच्या घनातून कोणतीही एक काडी काढल्यास तो पुन्हा सैल होतो, हेही करून पाहण्याजोगे आहे.

तिरप्या काडीची लांबी किती असावी, हा प्रश्न मुलांपुढे आपोआप येतो, कारण नेहमीची काडी आखूड पडते. सांध्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत घनाची बाजू ५ सेंटिमीटर असेल, तर कर्ण सुमारे ७ सेंटिमीटर लागतो. येथे पायथागोरसचा सिद्धान्त गरज म्हणून पुढे येतो. हे कर्ण खराट्याच्या हिराचे करून सांध्यांस दोऱ्याने बांधले तरी चालतात. सहाही कर्ण निवडक चार कोपऱ्यांतच एकत्र येतील असे लावले, तर घनाच्या पोटात एक मोठा चतुष्फलक उभा राहिलेला दिसतो. हे पाहण्यासाठी मुले एकमेकांच्या खांद्यावरून वाकतात.

याच नमुन्यांवरून कोपरे, कडा आणि पृष्ठे मोजता येतात. घनास ८ कोपरे, ६ पृष्ठे आणि १२ कडा. चतुष्फलकास ४, ४ आणि ६. कोपरे आणि पृष्ठे यांची बेरीज कडांपेक्षा दोहोंनी अधिक भरते. अठराव्या शतकातील गणितज्ञ ऑयलर यांचे हे सूत्र वर्गातील मूल काड्या मोजून पडताळू शकते.

वरच्या वर्गांत हीच साधने रसायनशास्त्रास उपयोगी पडतात. मिथेनच्या रेणूतील चार हायड्रोजन अणू चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर असतात. १९८५ मध्ये साठ कार्बन अणूंचा एक पोकळ रेणू सापडला. त्यावर १२ पंचकोन आणि २० षट्कोन असतात. आकाराच्या साम्यामुळे त्यास फुलर यांचेच नाव देण्यात आले आणि त्याच्या शोधास १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाटाणे चाचपणाऱ्या अधू दृष्टीच्या मुलाचे नाव एका रेणूस लाभावे, ही विज्ञानाच्या इतिहासातील मनोरम घटना होय.

वर्गातून गावाकडे

काड्यांचा पाठ येथेच संपविल्यास तो अपुरा राहील. मुलांना वही घेऊन गावात पाठवावे आणि जेथे त्रिकोण दिसेल त्याचे चित्र काढावयास सांगावे. घराच्या पत्र्याखालील कैची, विजेचा मनोरा, पुलाचा लोखंडी सांगाडा, सायकलची चौकट, मंडपाचे तिरपे वासे, दुकानाच्या फळीखालील आधार, असे कितीतरी त्रिकोण त्यांच्या वह्यांत जमा होतील. रोज नजरेखालून जाणाऱ्या वस्तूंमागे कारण असते, ही जाणीव हाच विज्ञानदृष्टीचा आरंभ होय.

काही चौकस मुले विचारतील की, सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीस तिरपे आधार का दिसत नाहीत? प्रश्न रास्त आहे. तेथे खांब आणि तुळई यांचा सांधाच सळ्या घालून ताठ केलेला असतो. व्हॉल्व्ह ट्यूबचा सांधा बिजागरीप्रमाणे फिरतो. त्यामुळे आकार टिकतो तो केवळ काड्यांच्या रचनेने. मेकॅनोचा घट्ट आवळलेला बोल्ट किंवा लेगोची घट्ट बसणारी विट रचनेतील कमकुवतपणा झाकून नेते. रबरी सांधा तो उघडा पाडतो. या विषयापुरता तरी स्वस्त संच महाग संचापेक्षा अधिक शिकवितो.

पंचायत सदस्यांनीही हा पाठ एकदा पाहण्याजोगा आहे. चार लोखंडी खांबांवर पत्रे टाकून केलेली, तिरपे आधार नसलेली शेड वाऱ्यात का डोलते, हे बारा काड्यांचा घन दाखवितो. त्यावरून किती भार पेलेल वा किती जाडीचे लोखंड लागेल, हे सांगता येत नाही. ते काम अभियंत्याचे आहे. परंतु कामाचा आराखडा समोर आल्यावर ‘येथे तिरपा आधार का नाही?’ हा प्रश्न विचारण्याइतके ज्ञान ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकास असणे इष्ट आहे. आजच्या सातवीतील मुले उद्याच्या ग्रामसभेचे सदस्य आहेत.

शिक्षकाची भूमिका

या पद्धतीत शिक्षकाचे काम कमी होत नाही, ते बदलते. उत्तर ठाऊक असूनही ते सांगावयाचे नाही, ही यातील अवघड बाजू आहे. ‘कोठून डोलते?’, ‘ही काडी काढली तर काय होईल?’, ‘तुझा मनोरा तिच्या मनोऱ्यापेक्षा आधी का वाकला?’ असे प्रश्न पुरेसे होतात. चाळीस मुलांच्या वर्गात चार-चार मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटात मुलींच्या हाती काड्या येतील याकडे लक्ष द्यावे. एरवी जोडणीचे काम मुलगे करतात आणि नोंदी लिहिण्याचे काम मुलींकडे जाते. आठवड्यातील दोन तासिका दिल्यास वरील दोन पाठ पंधरवड्यात आटोपतात. तीन वर्षांखालील भावंडांच्या हाती नळीचे तुकडे जाऊ देऊ नयेत. ते गिळले जाण्याचा धोका असतो.

शाळा, समिती आणि अधिकारी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये खेळ व खेळण्यांच्या माध्यमातून शिक्षणावर भर देण्यात आला आहे. तीन ते आठ वयोगटासाठी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा साहित्यसंच प्रसृत करण्यात आला. धोरणाची दिशा अनुकूल आहे. मात्र नव्या पिटाऱ्याचे जुन्या पेटीसारखे होऊ नये, याची काळजी प्रत्येक शाळेस आपल्या ठिकाणी घ्यावी लागेल.

त्यासाठी तीन गोष्टी व्यवहार्य वाटतात. पहिली अशी की, काड्या, नळ्या, दोरा, वाटाणे यांसारख्या वस्तूंची नोंद वापरून संपणारे साहित्य म्हणून ठेवावी. खडू संपला म्हणून कोणी शिक्षकास जाब विचारीत नाही, त्याच न्यायाने काडी मोडली म्हणूनही विचारू नये. दुसरी गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीने करावयाची आहे. २००९ च्या बालकांच्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार या समितीचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यात सुतार, गवंडी, वेल्डिंग करणारे, सायकल दुरुस्त करणारे असे हात असतात. अशा पालकास महिन्यातून एकदा वर्गात बोलवावे. सुताराने सांध्याविषयी बोलावे आणि मुलांनी त्याला काड्यांचा घन दाखवावा, यात दोघांचाही सन्मान आहे.

तिसरी गोष्ट पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांची आहे. शाळा तपासणीच्या वेळी साहित्य आहे काय, असे विचारले की साहित्य जपले जाते आणि कुलपात राहते. यंदा किती साहित्य वापरून संपले, असे विचारू लागल्यास कपाट उघडेल. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने एखाद्या मुलीच्या हाती चार काड्या आणि चार सांधे द्यावेत व हा चौकोन घट्ट करून दाखव, असे सांगावे. ती पाचवी काडी मागते की नाही, यावरून त्या शाळेतील विज्ञानाच्या अध्यापनाची पारख होऊ शकेल.